हेइकिचीदादाच्या सपाता

मिसाओताईवर ज्याने भर चर्चमध्ये आळ घेतला, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. प्रभूला करायचं तर करू दे, त्याचं मन मोठं आहे.

मिसाओताई आमच्या बंदरात मासळी सुकवायची. तिचा सख्खा भाऊ हेइकिचीदादा डोंगरावरच्या देवळाची देखभाल करायचा, आणि ही खाली आमच्या एवढ्याशा चर्चमध्ये यायची. तिने बाप्तिस्मा घेतला तेव्हा दादाने बोलणंच टाकलं. ताईने काय करावं? चर्चच्या दाराशी जोडे काढून आत सपाता घालायची आमची रीत; तिथल्या फळीवर तिने त्याच्या मापाच्या सपाता आणून ठेवल्या. "दादा येईल तेव्हा घालायला," म्हणायची. दर रविवारी पुसायची, कुणाला हात लावू द्यायची नाही.

वर्षं गेली, दादा विरघळला. देवळाच्या पायऱ्या झाडायची पाळी आमच्या आळीत घरोघर फिरते. ताईही झाडायची, फक्त हात जोडायची नाही. दादा म्हणायचा, "तू झाड, हात जोडायचं मी बघतो." गेल्या हिवाळ्यात तर त्याने विचारलं, "नाताळला तुमच्याकडे केक असतो म्हणे?" ताई आठवडाभर हवेत!

मग टोकियोहून कुरासे नावाचा तरणा प्रचारक आला, जपानसाठी प्रार्थना करणारी टोळी घेऊन. देवळाच्या उत्सवाच्या दिवशी पहाटेच ही मंडळी वर गेली आणि अंधाराची सत्ता मोडायची म्हणून पायऱ्यांवर अभिषेकाचं तेल ओतून आली. तेल! दगडी पायऱ्यांवर! तिथून थोड्या वेळात पोरं पालखी खांद्यावर घेऊन उतरणार होती!

त्या दिवशी झाडायची पाळी नेमकी ताईची. तिचा पाय सरकला तेव्हा कळलं. राख आणि गरम पाणी घेऊन तिने गुडघ्यांवर बसून पायरी न् पायरी घासली. मी बादल्या आणत होते आणि कुरासेचा उद्धार करत होते.

"किकुए, तोंड कमी चालव, पाणी आण," ताई म्हणाली.

खाली रस्त्यावरून कुरासेने एवढंच पाहिलं की म्हातारी देवळाच्या कमानीखाली गुडघे टेकून बसलीय. वर येऊन विचारायला त्याचे पाय मोडले होते का?

रविवारी उपासनेत तो डोळे मिटून म्हणाला, "प्रभू, मूर्तीपुढे गुडघे टेकणाऱ्या आमच्या मिसाओ भगिनीचे डोळे उघड."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहून ओरडले, "अहो, आधी स्वतःचे उघडा!"

तेवढ्यात दार सरकलं. दारात हेइकिचीदादा! त्याने जोडे काढले, सपातांकडे बघितलंसुद्धा नाही, नुसत्या मोज्यांवर आत आला आणि तेलाची रिकामी बाटली कुरासेपुढे ठेवली.

"झुडपात टाकलीत, ती घ्या. पालखीच्या पुढच्या दांडीला माझा नातू होता. ही घासत बसली म्हणून त्याची मान शाबूत आहे."

"दादा, बैस ना रे," ताई म्हणाली.

"तुझ्यासाठी बसलो असतो गं. यांच्यात नाही." आणि तो गेला.

कुरासे चाचरत म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं."

ताईने फळीवरच्या सपाता आणल्या आणि त्याच्या बाटलीशेजारी ठेवल्या.

"कुरासेसाहेब, तुम्ही सगळ्या जपानसाठी मागता. मी एवढी वर्षं एकट्या दादासाठी मागत होते. आज आला होता तो."