दोरा बांधायला जागा

मुलाने नवी मोटरसायकल दारात उभी केली तेव्हा मी तिच्याभोवती दोन-तीन फेऱ्या मारल्या, तरी तिचं इंजिन कुठे आहे ते मला दिसलं नाही. सगळीकडून गुळगुळीत प्लॅस्टिकचं कवच. माझी जुनी गाडी म्हणजे उघडा कारभार. टाकी, इंजिन, चेन, सगळं डोळ्यांसमोर. बिघडली की आधी शिवी द्यायची आणि मग पक्कड शोधायची. इथे शिवी नेमकी कुणाला द्यायची तेच कळेना.

आम्ही पालघरजवळच्या माहीमचे वाडीवाले. पानवेली, नारळ, थोडे चिकू. मुलगा एकुलता एक, आणि तो वाडीत रमला नाही. तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत तो मीटर आणि त्यांच्या वायरी सांभाळतो. माहीमहून पालघर, पालघरहून बोईसर, रोज जाऊन येऊन. त्या रस्त्यावर डंपर आहेत, टँकर आहेत, खड्ड्यांना तर सुमारच नाही. तो संध्याकाळी धडधाकट घरी यावा, याहून जास्त आम्हा नवराबायकोला त्या गाडीकडून काही नको होतं. त्याला मात्र बरंच काही हवं होतं.

त्याने मला ओट्यावर बसवलं आणि नव्या मॉडेलमध्ये काय काय सुधारलं ते सांगायला घेतलं. पिस्टन हलके केलेत म्हणून इंजिन जास्त जोरात फिरतं. पुढे दोन्ही बाजूंना छोटे पंख आहेत, वेगात वारा त्यांच्यावर दाबतो आणि पुढचं चाक जमिनीला धरून राहतं. क्लच न दाबता गिअर बदलतो. एक्सिलेटरला तर केबलच नाही.

"केबल नाय तर इंजिनाला कळतं कसं?" मी विचारलं.

"मूठ पिळली की ती फक्त कळवते, बाबा. किती द्यायचं ते आतला कॉम्प्युटर ठरवतो."

"म्हणजे आपल्या घरासारखंच. मी कळवायचं आणि तुझी आई ठरवणार."

आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. तेवढ्यात त्याने आईलाही बाहेर बोलावलं, कारण खरं सांगायचं ते त्याने तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. दोन्ही चाकांपाशी एकेक सेन्सर आहे, तो चाक किती फिरतंय ते सारखं मोजत असतो. ब्रेक मारल्यावर चाक अडकून घसरायला लागलं, तर गाडी स्वतःच ब्रेक किंचित सोडते आणि पुन्हा धरते. वळणावर आपण किती कललोय तेही तिला कळतं.

"आये, ही मला पडू द्यायची नाय," तो म्हणाला.

बायको गाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दिष्ट लागंल अशी हाय पण."

मुलाची आधीची गाडी तिला आवाजावरून कळायची. देवळाच्या वळणाला तो गिअर कमी करायचा, तो आवाज ऐकला की ही तवा ठेवायची. नवी गाडी एका दमात यायची, मध्ये कुठे थांबा नाही, अडखळणं नाही. त्यामुळे भाकरी टाकायला नेहमी उशीर व्हायचा, आणि तो येईपर्यंत ही फाटकापाशी उभी राहायची. मी हसायचो. पण खुर्ची मीही रस्त्याच्या बाजूलाच घ्यायचो.

पहिल्याच शनिवारी ती लिंबू-मिरची आणि काळा दोरा घेऊन गाडीपाशी गेली. तिलाही माझ्यासारखंच झालं. बांधायला जागाच नाही. जुन्या गाड्यांना उघडं हँडल असतं, मडगार्डाच्या सळ्या असतात, पुढच्या नंबरप्लेटीची पट्टी असते. इथे जिथे हात लावावा तिथे दोरा निसटायचा. शेवटी ती पुढच्या चाकाशी वाकली. तिथे चाक धरणाऱ्या दांड्याला लागून एक बारीक काळी वायर खाली गेली होती. तिने ती वायर आणि दांडा दोन्ही मिळून दोरा गुंडाळला.

तिच्या गाठीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे पानवेल काठीला केळीच्या सोपटाने, म्हणजे वाळलेल्या सालीने बांधतात, आणि आमच्या वाडीत ते काम तिचंच. वेल बांधताना ती बोटभर ढील ठेवते, कारण वेलीला वाढायचं असतं. आवळून बांधणाऱ्या बाईला ती दुसऱ्या दिवशी बोलावत नाही. पण गाडी काही वाढणार नव्हती, आणि रस्त्यात लिंबू गळून पडलं तर अपशकुन. म्हणून तिथे तिने गच्च आवळली. दर शनिवारी लिंबू नवं, गाठ नवी, आणि आवळणं तसंच.

थोड्या आठवड्यांनी गाडीत पिवळा दिवा लागायला लागला. लागायचा, जायचा, पुन्हा लागायचा. मुलाने मला सांगितलं, "हा दिवा लागला की ब्रेकवाला कॉम्प्युटर बंद, बाबा. मग ती तुमच्या गाडीसारखी साधी." मला तर तेव्हा बरंच वाटलं, साधी झाली म्हणून. तो वसईकडच्या शोरूममध्ये गाडी घेऊन गेला. त्यांनी लॅपटॉप जोडला, काहीतरी पुसलं, नवं काहीतरी भरलं, आणि आता लागणार नाही म्हणाले. परत येताना वाटेतच दिवा लागला.

शोरूममधल्या पोराने तो दोरा बघितला होता. देवाचं आहे म्हणून त्याने त्याला हात लावला नाही. माझा मुलगा तर दिवसभर कंपनीत वायरींच्यातच असतो. त्यानेही बघितला होता. आईची गाठ, म्हणून सोडली नाही.

मुलगा बोईसरच्या वाटेवर, बेटेगावच्या वळणावर पडला. दुपारची वेळ, कोरडा रस्ता, चांगलं ऊन. डंपरमधून सांडलेली खडी, पुढे अचानक थांबलेला टँकर. त्याने ब्रेक दाबला, पुढचं चाक जागीच अडकलं आणि गाडी त्याच्या खालून निघून गेली.

बोईसरच्या हॉस्पिटलमध्ये आम्ही पोचलो तेव्हा त्याला आत नेलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं, खांद्याचंही. डॉक्टर बाहेर येऊन जे बोलले त्यातलं मला "सळई घालावी लागेल" एवढंच कळलं. मी मान हलवली. ते अजून काही बोलले, मी पुन्हा मान हलवली. कुणी सही मागितली की करायची, कुणी सरका म्हटलं की सरकायचं, यापलीकडे माझ्या हातात काही उरलं नव्हतं. साठ वर्षांचा बाप्या मी, आणि पोराला तहान लागली असेल का एवढंही मला कुणाला विचारता येईना. बायको बाकावर डोळे मिटून बसली होती.

तो शुद्धीवर आला, बोलला. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाला ती एकच सांगायची, "जिवावर बेतलं व्हतं, दोरा व्हता म्हणून निभावलं." लोकही मान डोलवायचे.

गाडी टेम्पोत घालून शोरूमला गेली होती. कागदावर सही करायला मला जावं लागलं. तिथल्या मेकॅनिकने मला खाली बसवून पुढचं चाक दाखवलं. चाकावर भार आला की दांडा खाली-वर होतो, तेवढी ढील त्या वायरीला लागते, असं त्याने सांगितलं. दोऱ्याने ती आवळली गेली होती. दर खड्ड्याला ओढ बसून वायर आतल्या आत तुटली होती. सेन्सर चाक मोजायचा, पण ते गाडीला कळतच नव्हतं.

"ही वायर चालू असती तर चाक अडकलं नसतं, काका," तो म्हणाला. ओरडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला.

गाठ सुटेना. वायर बदलायचीच होती, म्हणून त्याने गाठीच्या दोन्ही बाजूंनी ती कापली, दांड्यामागचा दोरा तोडला आणि गाठ वाळलेल्या लिंबासकट माझ्या हातावर ठेवली. मी ती खिशात टाकली. तिथेच फेकायला हवी होती, पण हात धजेना.

हॉस्पिटलमधून बायको डबा आणायला गेली तेव्हा मी मुलाला सांगितलं.

"आयेला बोलू नका," एवढंच तो म्हणाला.

मी बोललो नाही. जे येतील त्यांना ती दोऱ्याची गोष्ट सांगायची, आणि मी शेजारी बसून ऐकायचो. खोटं ऐकवत नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. तिच्या हातून झालं, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? तिचा चेहरा बघितला की मला दुसरीकडे बघावं लागायचं. त्याला घरी आणल्यावर काही दिवसांनी बायको ती गोष्ट सांगेनाशी झाली. कुणी विचारलं तर चहा ठेवायला उठायची. मला वाटलं, सांगून सांगून कंटाळली असेल.

मुलगा चालायला लागला. काठी सुटली. गाडी दुरुस्त होऊन आली, नव्या कवचासकट, पहिल्यापेक्षाही गुळगुळीत. ती विकू या, असं मी एकदा म्हणून बघितलं. तो हसला, आणि विषय संपला.

तो पुन्हा कामावर निघाला त्या दिवशी बायको लिंबू-मिरची आणि दोरा घेऊन बाहेर आली. नेहमीसारखी वाकली नाही. सगळं माझ्यापुढे धरलं.

"तुमी बांधा."

"मी?"

"तुमचं शर्ट धुताना खिशात मिळालं मला. गाठ माझीच व्हती, वळखली मी. मधी वायर व्हती." मग खाली बघून म्हणाली, "लई आवळली का वो मी?"

"ढील नव्हती राहिली," मी म्हणालो. "एवढंच."

"मग आता कुठं बांधलं तर चालंल, तेवढं सांगा."

मी दोरा घेऊन गाडीभोवती फिरलो. हँडलशी ब्रेकची नळी होती. आरशात दिव्याची वायर होती. मागे सायलेन्सर तापणार. जिथे हात न्यावा तिथे काहीतरी पोराला सांभाळण्यासाठीच बसवलेलं होतं. हेल्मेट घालून मुलगा आमच्याकडे बघत होता.

"बाबा, उशीर होतोय," तो शेवटी म्हणाला, आणि गेला.

आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. मग तिने माझ्या हातातून दोरा घेतला आणि लिंबू फाटकाच्या गजाला बांधलं. बांधताना तिने बोटभर ढील ठेवली.