चिवटताईचं मेलेलं प्रथिन

प्रयोगशाळेत तिला सगळे चिवटताई म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर. ती सरळ ओ देऊ लागली तेव्हा चिडवण्यातली मजाच गेली.

तिचं काम होमिओडोमेनवर. हा प्रथिनातला साठेक अमिनो आम्लांचा चिमुकला तुकडा. त्यात तीन पिळदार वेटोळी असतात. तिसरं डीएनएच्या खोबणीत जाऊन बसतं आणि कुठलं जनुक जागं करायचं ते ठरवतं. माशीपासून माणसापर्यंत या तुकड्याची घडण फारशी बदललेली नाही. सस्तन प्राण्यांत मात्र अशा काही जनुकांच्या जादा प्रती निघाल्या आणि त्या भराभर बदलत गेल्या. चिवटताईनं गाईतली अशीच एक प्रत धरली होती. गर्भाच्या अगदी सुरुवातीला ती थोडा वेळ जागी होते आणि मग कायमची गप्प.

विभागप्रमुख सरांनी निकाल पाहून हात झटकले. "हे डीएनएला चिकटतच नाही. बदलून बदलून निकामी झालंय. मेलेलं प्रथिन आहे, सोडा."

"बदललं म्हणजे मेलं का, सर? डीएनएवरची अक्षरांची जी खूण मूळ प्रथिन ओळखतं, तीच जुनी खूण आपण याला देतोय. त्याची खूण वेगळी असेल."

"इथे काय करायचं ते मी ठरवतो."

"ठरवा. मी करून बघते."

पुढच्याच आठवड्यात तिचं खिडकीजवळचं टेबल सरांच्या लाडक्या विद्यार्थ्याला गेलं. तिला मिळाला शीतखोलीच्या दारामागचा कोपरा, जिथे यंत्राच्या घरघरीत स्वतःचा आवाजही ऐकू येईना.

"अगं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" घरी धाकटी बहीण म्हणाली.

"मासा मोठा आहे म्हणून पाणी काही त्याच्या बापाचं होत नाही."

मग तिनं डीएनएचे नाना तऱ्हेचे तुकडे एकत्र केले आणि प्रथिनासमोर ठेवले. घे बाबा, तुला हवं ते उचल. त्यानं उचललं! खूण भलतीच होती, पण पुन्हा पुन्हा तीच. आता ते नेमकं कसं बसतं हे बघायला प्रथिन आणि डीएनए दोघांचे जोडीनं स्फटिक हवे होते. कधी नुसता गाळ बसे, कधी भुकटी. शेवटी सुयांसारखे काही स्फटिक धरले; त्या सुया क्ष-किरणांखाली टिकल्या, आणि चित्र उमटलं: तिसरं वेटोळं खोबणीतच बसलं होतं, जरासं तिरकं होऊन.

विभागाच्या सभेत सर उठले. "आमचा या प्रथिनावर पहिल्यापासून विश्वास होता..."

"पहिल्यापासून नाही, सर," चिवटताई जागेवरून म्हणाली. "तुम्ही त्याला मेलेलं म्हणालात. चुकले मीही. तिरकेपणा पहिल्या वेटोळ्यामुळे आला असं चित्र पाहून मी आधी सांगत होते. तो तिसऱ्यातल्याच एका बदलानं आला. दोन्ही चुका लिहून ठेवू या."

संध्याकाळी सरांनी खोलीत बोलावलं. शोधनिबंधावर पहिलं नाव त्या लाडक्या विद्यार्थ्याचं टाकायचं होतं. त्याला नोकरी हवी होती.

"नोकरी मलाही हवीय. पण सुया मी वाढवल्यात. पहिलं नाव माझंच."

निबंध तिच्याच नावानं निघाला. प्रयोगशाळेतल्या तिच्या नेमणुकीची मुदत मात्र वाढली नाही.

आता ती एका लहानशा कॉलेजात शिकवते. तिथे स्फटिक करायची सोय नाही. रुजू झाल्याच्या दिवशीच तिनं प्राचार्यांकडे एक खोली मागितली. "कशाला?" त्यांनी विचारलं.

"घोड्यातली प्रत बघायचीय. मेलीय असं म्हणतात."

खोली अजून मिळालेली नाही. ती दर सोमवारी जाऊन मागते.