कुंडीकाकूंची अंबाडी
नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत कुणाकडे नवी वस्तू आली, की कुंडीकाकू त्या वस्तूकडे बघायच्याच नाहीत. ती कशातून आली आणि तिच्या जागचं जुनं काय निघालं, ते बघायच्या. आम्ही गीझर बदलला तेव्हा त्या "छान झालं हो" म्हणत आल्या आणि जुन्याची टाकी उचलून घेऊन गेल्या. सेक्रेटरी भामऱ्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात सगळे जोडप्याकडे बघत होते, काकू आचाऱ्याच्या रिकाम्या तेलाच्या डब्याकडे. "तळाला भोक पाडता येईल ना?" जगाला त्यांचा हा एकच प्रश्न होता.

त्यांचं आडनाव गांगुर्डे. घोटीच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, सगळ्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. गच्चीवर त्यांची दीडेकशे झाडं होती आणि दोन कुंड्या एकसारख्या नव्हत्या. नवं रोप आलं की त्याच्यासमोर उकिडव्या बसून विचारायच्या, "काय रे, पसरणार की उंच होणार?" उत्तर मिळाल्यासारखी मान हलवायच्या आणि मग भांडं निवडायच्या. मी हौसेनं इवल्याशा तुळशीला मोठी थोरली चिनी मातीची कुंडी आणली, तर म्हणाल्या, "तान्ह्या पोराला बापाचा सदरा घातलास गं! पाणी साचून मुळं कुजतील. आधी गाडगं, मग बादली, मग ड्रम." मातीची कुंडी श्वास घेते आणि काळं प्लास्टिक उन्हात मुळं शिजवतं, हे तर आमच्याकडच्या दूधवाल्यालाही पाठ झालं होतं.

अशा या बाईंच्या गच्चीवर एका पावसाळ्यात, पक्ष्यांना दाणे टाकायच्या जागी, एक रोप उगवलं. हातासारखं बोटं पसरलेलं पान. काकूंनी निदान केलं, "अंबाडी!" रोप गाडग्यातून रंगाच्या बादलीत गेलं, पंधरवड्यात बादली पुरेना. मग अर्धा कापलेला निळा ड्रम आला. त्यात ते असं उफाळलं की काकूंपेक्षा उंच झालं. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून वर न्यायच्या. "बघा, भांडं बरोबर मिळालं की कसं होतं!"

त्याच महिन्यात सोसायटीची मीटिंग होती. विषय नेहमीचाच, गच्ची गळते. तक्रार नेहमीचीच, निकमकाकांची. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस, बायको गेल्यापासून दोन वर्षं कुणाशी धड बोललेला नव्हता. मीटिंगला येऊन भांडायचा तेवढंच. काकूंनी समेटाचा घाट घातला आणि सगळ्यांना अंबाडीची भाजी-भाकरी केली. वाढताना म्हणाल्या, "यंदा आंबटपणाच नाही बाई. पाऊस फार झाला. चिंच घातलीय." पोरांनी नाकं मुरडली आणि पिझ्झा मागवला, हे आमचं नशीब.

तासाभरानं भामरे अजेंडा वाचायला उठले. "विषय क्रमांक एक," म्हणाले आणि हसायलाच लागले. बसता येईना इतके. माझे यजमान पंख्याकडे बघून "किती प्रामाणिकपणे फिरतोय!" म्हणत होते. आणि निकमकाका? ते बोलत होते! लग्नानंतर पहिल्या प्रवासात बायकोला वडे आणायला इगतपुरीला उतरले आणि गाडी सुटली. वडे हातात, बायको गाडीत. "मागच्या गाडीनं नाशिकला पोचलो, तर तिनं पहिलं काय विचारलं असेल?" ते डोळे पुसत म्हणाले. "वडे कुठायत!" आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर पडून हसलो. गच्ची गळते हा ठराव 'गळू द्या' असा मंजूर झाला.

चार दिवसांनी काकू मला घेऊन नर्सरीत गेल्या. झाडाला ड्रमही पुरेना झाला होता. पिशवीतून फांदी काढून त्यांनी विचारलं, "याला केवढी कुंडी लागेल?"

नर्सरीवाल्यानं फांदी पाहिली, रस्त्याकडे पाहिलं आणि तिच्यावर झटकन पेपर टाकला. "काकू, याला कुंडी नाय लागत. वकील लागतो. गांजा हाय हा!"

काकू पायरीवर बसल्या. मला आधी निकमकाकांचे वडे आठवले आणि हसू आवरेना. काकूंनी मात्र पदर सावरला आणि त्या उठल्या. "चल, पोलीस स्टेशनला. चूक झाली की आपणच हात वर करायचा, हे मी पोरांना शिकवलंय."

ठाण्यात हवालदारानं विचारलं, "लागवड कशात केली?"

"निळ्या ड्रमात. अर्धा कापून. तळाला बारा भोकं, वर विटांचे तुकडे, मग माती."

"भोकं लिहू का, साहेब?" त्यानं आतल्या साहेबांना विचारलं.

हसायची वेळ नव्हती. साहेब स्वतः गच्चीवर आले. दीडशे कुंड्या पाहिल्या, पक्ष्यांच्या दाण्याची पिशवी पाहिली, त्यात आलेलं गांजाचं बी पाहिलं. पंचनामा झाला, जबाब झाला, झाड उपटलं गेलं. शिपाई ड्रमही उचलायला लागला तशी काकू आडव्या आल्या. "झाडाचा गुन्हा असेल. ड्रमानं काय केलं?" ड्रम राहिला. पुढे दोनदा बोलावणं आलं आणि सक्त ताकीद देऊन प्रकरण मिटलं.

इमारतीत मिटलं नाही. भामऱ्यांनी तातडीची मीटिंग लावली. विषय एकच, गच्ची मोकळी करा. काकू कोपऱ्यात मान खाली घालून बसल्या होत्या. सगळ्यांनी निकमकाकांकडे पाहिलं.

ते चष्मा पुसत उठले. "दोन वर्षांत मी बायकोचं नाव घेतलं की रडायचो," ते म्हणाले. "त्या दिवशी हसलो. भाजी बंद करा. कुंड्या राहू द्या."

दुसऱ्या दिवसापासून झाडांना पाणी घालायला ते काकूंसोबत वर जायला लागले. दोघांची भांडणं खालपर्यंत ऐकू यायची. आम्ही निवांत झोपायचो.

मागच्या वर्षी काकूंचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना इगतपुरीला घेऊन गेली. टेम्पोत कुंड्या इतक्या भरल्या की खाटेला जागाच उरली नाही. "खाट काय, तिकडेही मिळेल," म्हणत त्या मांडीवर कढीपत्ता घेऊन पुढे बसल्या आणि आम्हा रडणाऱ्यांनाच दटावत निघून गेल्या.

गच्चीवर कुंड्यांचे गोल डाग तेवढे राहिले. लहान, मोठे, एकमेकांत अडकलेले. दिवाळीआधी वॉटरप्रूफिंगवाला डाग घासायला ब्रश घेऊन वर गेला, तेव्हा निकमकाका गच्चीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

"गळू दे," ते म्हणाले. "पुसायचं नाही."