कामाला होतो, राहायला नाही

फेस्टी हेनेगनला राग यायला निमित्त लागत नसे, पण २००४च्या नोव्हेंबरात त्याला तेही मिळालं. रक्त घेणारी मंडळी वर्षातून तीनदा गावच्या फुटबॉल क्लबाच्या हॉलमध्ये खाटा मांडत. त्या दिवशी फेस्टी गुळगुळीत दाढी करून रांगेत पहिला उभा असे. रक्त ओ निगेटिव्ह, म्हणजे कुणालाही चालणारं. सगळ्या मेयो परगण्यात असं रक्त बैलालासुद्धा नाही, असं तो पबमध्ये सांगायचा. ह्या चिक्कू माणसाने जन्मात फुकट दिलेली ती एकच वस्तू, त्यामुळे तिचा अभिमानही दांडगा. त्याची बायको अट्रॅक्टा हॉलच्या दुसऱ्या टोकाला, रक्त देऊन उठलेल्यांना चहा आणि बिस्किटं द्यायला असे.

त्या दिवशी प्रश्न विचारायला डर्कनांची ऑर्ला बसली होती, नुकतीच नर्स झालेली. ऐंशी ते शहाण्णव ह्या काळात इंग्लंडमध्ये राहिला होतात का, असं तिने विचारलं. फेस्टी नाही म्हणाला. आजवर प्रत्येक फॉर्मवर त्याने हेच लिहिलं होतं, आणि आपण खोटं बोलतोय असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. मग तिने त्याची बाही वर सारली, तर दंडावर वीतभर व्रण. हे कशाने झालं, असं तिने सहज विचारलं. कॉव्हेंट्रीला सळई घुसली होती, सत्त्याऐंशी साली, असं त्यानेही सहज सांगितलं.

"म्हणजे तुम्ही इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत राहत होतात," ऑर्ला म्हणाली.

"कामाला होतो, पोरी. राहायला नाही."

आमच्याकडची निम्मी माणसं अशीच बोलतात, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. घर इथे, बायको इथे, चर्चमधला बाक इथे. तिकडे नुसते हात जायचे, बोटीने. नाताळला पंधरा दिवस आणि उन्हाळ्यात जळण कापायला, गवत कापून वाळवायला महिनाभर माणूस परत आला, की तो इथलाच. फेस्टीने एक्क्याऐंशीपासून पंधरा वर्षं हेच केलं.

ऑर्लाने नवा नियम सांगितला. तेव्हा इंग्लंडमध्ये गायींना मेंदूचा रोग होता आणि तो मांसातून माणसांत येतो, म्हणून त्या काळात सगळे दिवस मिळून वर्षभर जरी कुणी तिथे काढलं असेल, तरी त्याचं रक्त घेता येत नाही. फेस्टीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथलं मांस खाल्लंच नाही, बॅगेतून घरचं बेकन न्यायचो, असं त्याने ठणकावून सांगितलं. सहा आठवड्यांनी ते संपल्यावर काय खात होतात, असं तिने विचारलं, तेव्हा तो आणखीच भडकला. त्याचा मेव्हणा बॉस्टनला वीस वर्षं लोळला, त्याचं रक्त मात्र चालतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"इंग्लंडने माझी कंबर घेतली, गुडघे घेतले," तो सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलला. "आता रक्तही नासवलं म्हणता? आणि हे मला तू सांगणार? मी पहिल्यांदा ह्या खाटेवर पडलो तेव्हा तुझा बाप शाळेत होता."

खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं. ज्यांना पोट भरायला घर सोडावं लागलं, त्यांनाच पुन्हा बाजूला काढायचं, ह्याचा राग कुणालाही यावा. रांगेतले चार-पाच जण जमिनीकडे बघत होते. तेही कामालाच गेलेले होते, आणि ते नाहीच म्हणणार होते.

ऑर्लाने आवाज चढवला नाही. मला फॉर्मवर आकडा लिहावा लागेल, एवढंच ती म्हणाली. फेस्टीने हात झटकला. सगळं मिळून चार वर्षं लिही, फार तर पाच, असं तो म्हणाला. बाकीचा वेळ आपण घरीच होतो, असं त्याचं म्हणणं.

"तेरा," अट्रॅक्टा म्हणाली.

किटली खाली ठेवून ती टेबलामागून पुढे आली. तेवीस वर्षांत तिने चार माणसांत नवऱ्याला खोडून काढलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"तेरा वर्षं आणि तीन महिने. तू घरी होतास ते सगळे दिवस वजा करून. मी मोजलेत."

"तू कशाला मोजत बसलीस?"

"तिन्ही पोरं मी एकटीने वाढवली, फेस्टी. मोजायला रात्री भरपूर होत्या." ती आणखी एक पाऊल पुढे आली. "इंग्लंडमध्ये राहत नव्हतो म्हणतोस. घरी तर तू नव्हतासच. मग राहत कुठे होतास, ते एकदा मला सांग."

फेस्टीने वर सारलेली बाही खाली ओढली. ऑर्लाने फॉर्मवर तेरा लिहिलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.