हेलिपॅडवरची मळी

गावात कुणीही भेटलं की विचारतं, "चार वर्षं पंतप्रधानांच्या संरक्षणात होतास, माणूस कसा होता?" खरं सांगायचं तर मी त्यांना फारसं पाहिलंच नाही. आमची ड्यूटी गर्दीकडे तोंड करून उभं राहायची. साहेब कायम पाठीमागे. आवाजावरून अंदाज बांधायचा, आणि मला भारी उत्सुकता.

दुष्काळात बीड जिल्ह्याचा दौरा निघाला. मी हवालदार, सोबत नाईक दगडू. दोघंही आष्टी तालुक्यातले, म्हणून आधी जाऊन तयारी करणाऱ्या ॲडव्हान्स पार्टीत आमची नावं. हेलिपॅड सहकारी साखर कारखान्याच्या मैदानावर. उसाअभावी गाळप बंद होतं. लँडिंग १००० वाजता, म्हणजे सकाळी दहाला. त्याआधी धूळ बसावी म्हणून मैदानावर टँकरभर पाणी मारायचा हुकूम होता.

०८१५ वाजता मैदान कोरडंच. मी दगडूला गाठलं.

"टँकर कुठंय?"

"गावच्या आडात रिकामा केला, उस्ताद. बाया कालधरनं घागरी घेऊन बसल्यात."

"अक्कल हाय का बे? धुरळ्यात पायलटला जमीन दिसणार न्हाई. हेलिकॉप्टर आदळंल!"

"मळी मारू की. कारखान्याच्या टाकीत लई हाय."

मळी म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा, चिकट पाक. मी दगडूला चार शिव्या हासडल्या आणि बादली उचलली. कामगार आले, मग घागरी घरी ठेवून बायाही आल्या. ०९५० ला रेडिओवर कळवलं, "हेलिपॅड ओके."

हेलिकॉप्टर उतरलं. धूळ उठली नाही. पाठीमागं साहेबांची चार पावलं वाजली आणि बूट चिकटल्याचा चटचट आवाज यायला लागला.

मग साहेबांचा आवाज आला, "पानी क्यों नहीं डाला?"

दगडूनं वळून सॅल्यूट ठोकला. "पीने के लिए दे दिया, सर."

मग पावलं पुढं गेली. मला वळायची मुभा नव्हती.

पंधरवड्यात दोन कागद आले. एक, दुष्काळी दौऱ्यात हेलिपॅडवर पिण्याचं पाणी मारू नये. दुसरा, हुकूम मोडल्याबद्दल नाईक दगडू सीमेवरच्या मूळ युनिटला परत.

निघताना मी विचारलं, "साहेबांचं तोंड कसं झालतं रं?"

तो हसला. "रजेवर आलो की सांगतो, उस्ताद."

त्याच हिवाळ्यात सरहद्दीवरच्या चौकीत गोळी लागून तो गेला. त्याच्या सामानाची ट्रंक घेऊन मीच त्याच्या घरी गेलो.

त्याच्या आईनं विचारलं, "त्यानं असं काय केलतं, की तिकडं धाडलं?"

"टँकर आडात रिकामा केला, मावशी."

ती ट्रंकेवरून हात फिरवत राहिली. "मग बरं केलं त्यानं," म्हणाली.

मी ड्यूटीवर असल्यासारखा तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो.