आतोबांचा कुंभार

सगळ्या सिंधुदुर्गाने मिळून चित्रपटगृहांत गाळले नसतील इतके अश्रू एकट्या आमच्या आतोबांनी एकाच चित्रपटावर गाळले आहेत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आरोंद्याच्या खाडीत त्यांनी जन्मभर होडी चालवली. होडी थांबली तेव्हा लेकीने मोठा टीव्ही पाठवला आणि त्यावर त्यांना तो साडेतीन तासांचा, हिंदीतून बोलणारा परदेशी चित्रपट सापडला. एक बुटका कुंभार मडक्यात निखारा घेऊन राक्षसांच्या मुलखातून बर्फाच्या डोंगराकडे निघतो. डोंगरावरचा अग्नी पुन्हा पेटला नाही तर थंडी सारं जग गिळणार असते.

आतोबा तो नुसता बघत नाहीत, कुंभाराला वाट सांगतात. नदी आली की पुढे सरकून ओरडतात, "खालच्या अंगान जा रे! थंय पाणी उथळ आसा!" तो वरच्याच अंगाने जातो, बुडता बुडता वाचतो, आणि आतोबा दरवेळी नव्याने चिडतात. कुंभार चार दिवस उपाशी चालला की यांच्या घशाखाली पेज उतरत नाही. त्यातल्या राजांच्या लढाया मात्र त्यांना नकोत. तलवारी निघाल्या की उठून म्हशीला पाणी दाखवून येतात. एवढं काय आहे या चित्रपटात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्या राजांकडे घोडे आसत, तलवारी आसत. ह्येच्याकडे कायएक नाय. भियाता, तरी जाता."

आत्याला हे अजिबात रुचत नसे. "तुमच्या त्या मडक्यापायी माझो भात करपलो!" एवढंच तिचं रसग्रहण.

मग ती विहिरीपाशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण बाई खाट सोडेना. चालली नाही तर कायमची अंथरुणाला खिळेल, असं डॉक्टर म्हणाले. लेक फोनवर रडली, मी जाऊन समजावलं. आत्याने भिंतीकडे तोंड केलं. शेवटी आतोबांनी वॉकर आणून समोर ठेवला. "खाडी लांब आसा, तिच्याकडे बघूच नको. ओटीच्या खांबापर्यंत चल. थंयसर राक्षस नाय, मी बघून इलंय."

ती खुदकन हसली आणि हसता हसता उठली. त्या दिवशी खांब, आठवड्याने तुळस, मग फणस. दोन महिन्यांनी दोघं खाडीवर पोहोचली, तेव्हा आतोबा तिथेच खाली बसून हमसून हमसून रडले.

"तुमी रडतास कित्याक? पाय माझो मोडललो!" आत्या म्हणाली.

यंदा मे महिन्यात गेलो तर आतोबांचे डोळे पार अधू झालेले. चित्रपट लागला होता आणि आत्या शेजारी बसून, पडद्यावर काय चाललंय ते त्यांना सांगत होती. जरा वेळाने ते थकले, मान कलंडू लागली. पडद्यावर कुंभार अजून बर्फातून गुडघ्यांवर सरपटत होता. आत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"पोचलो हां तो. घराक पोचलो. चुलीकडे बसान शेकता."

चित्रपटाचा क्षण न् क्षण पाठ असलेल्या आतोबांनी डोळे मिटले.

"बरा झाला," ते म्हणाले.