त्या चांदण्यांचं गाव कुठलं

धाकटी जाऊ आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आली, तेव्हा मी मनाशी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. नऊ दिवस केव्हाच उलटले, तिचं कौतुक काही ओसरेना. ती इथल्या एका कॉलेजात शिकवते आणि ताऱ्यांवर संशोधन करते. मी भाकऱ्या करते, आणि तिच्यापेक्षा कितीतरी चांगल्या करते.

एका रविवारी मटणाचं जेवण चाललं होतं. सासूबाईंनी तिला विचारलं, "दिवसभर त्या कम्प्युटरात काय बघत असतीस गं?" या घरात मला असं कुणी कधी विचारलेलं नाही. मी पांढरा रस्सा वाढत होते. तिची वाटी मुद्दाम अर्धीच भरली.

ती सांगू लागली. आपली आकाशगंगा तबकडीसारखी, पण तिच्याभोवती लांबवर तुरळक तारे पसरलेले आहेत. ते तिथं आले कुठून, हा तिचा विषय.

"मग त्या चांदण्यांचं गाव कुठलं?" सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडं दारात आलेल्या पावण्याला पाण्याच्या आधी हेच विचारतात.

"काही इथलेच, धक्क्यानं बाहेर फेकले गेलेले. पण बरेचसे परके, आई. आपल्या आकाशगंगेनं लहान लहान आकाशगंगा गिळल्या, त्यांतले."

"आन् कोण कुठलं हे कळतंय कसं?"

"त्यांच्या प्रकाशावरून. ताऱ्यात लोखंड किती, मॅग्नेशियम किती, ते मूळ ठिकाणचंच राहतं. फिरायची वाटही वेगळी असते. अब्जावधी वर्षं झाली तरी पुसलं जात नाही."

सासूबाई हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं माहेर सीमेवरचं, घरात कन्नड बोलणारं. लग्न होऊन आले तेव्हा मी याच बाईंना आमच्या बोलीत 'अव्वा', म्हणजे आई, म्हणाले, तर त्यांनी चारचौघांत सुनावलं होतं, "आमच्यात असलं बोलत न्हाईत." तेव्हापासून मी तोंड सांभाळलं. आणि आता चांदण्यांच्या माहेराची एवढी चौकशी!

तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ही थोरली बघ की. तिकडनं आलेली, पन तिकडचं कायबी ऱ्हायलं न्हाई हिच्यात. पार इथली झाली."

त्यांच्या तोंडून माझं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं. जाऊ माझ्याकडं बघतच राहिली. कीव केल्यासारखी. मला तिचा आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. मी उचलला तरी ती माझ्या भावजयीशीच बोलत होती, कन्नडमध्ये, भरभर. कशावरून तरी दोघी खिदळत होत्या. मग आईचा आवाज बदलला. एकेक शब्द जुळवत, पाहुण्यांशी बोलावं तसं, तिनं मला मराठीत विचारलं, "जेवण झालं काय तुझं?"

किती वर्षं ती माझ्याशी अशी बोलते आहे, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जावेचाही कधी वाटला नसेल इतका हेवा मला त्या क्षणी भावजयीचा वाटला. मी कन्नडमध्ये उत्तर द्यायला गेले. शब्द जुळेनात.

"ऐकायला येतंय न्हवं?" आईनं विचारलं.

"येतंय की," मी म्हणाले. "झालं जेवण."